सहलीआधी विचारायचा प्रश्न

दिवाळी आटोपली, उन्हाची धार बोथट झाली, की माझ्या अमरावतीच्या दवाखान्यात एक प्रश्न हमखास येऊ लागतो. पुण्याहून किंवा बंगळुरूहून मुलगा आठ दिवसांसाठी घरी आलेला असतो. आईवडिलांना कुठे तरी फिरवून आणावे असे त्याच्या मनात असते. तो विचारतो, "डॉक्टर, आईला चिखलदऱ्याला नेले तर चालेल ना?" पूर्वी मी रक्तदाब आणि साखर पाहून "खुशाल न्या" असे सांगत असे. आता मी उलट विचारते, "वाटेत आई लघवीला कुठे जातील, हे ठरवले आहे का?" मुलगा संकोचतो. आई मात्र मान वर करून माझ्याकडे पाहते.

हा प्रश्न मला वैद्यकीय महाविद्यालयात कोणी शिकवला नाही. तो मी माझ्या सासूबाईंमुळे शिकले, आणि त्याची किंमत त्यांनी मोजली.

काही वर्षांपूर्वीच्या मे महिन्यातील ही गोष्ट. सासूबाई तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांच्या होत्या. रक्तदाबासाठी त्यांना जी गोळी सुरू होती, तिच्यात लघवी वाढवणारे औषधही होते. अमरावतीत घराच्या भिंतीसुद्धा तापल्या होत्या, म्हणून आम्ही एका दिवसासाठी चिखलदऱ्याला जायचे ठरवले. विदर्भातील ते एकमेव थंड हवेचे ठिकाण. उंची सुमारे अकराशे मीटर. परतवाड्यापर्यंत पन्नासेक किलोमीटर सपाट रस्ता आणि पुढे मेळघाटातला घाट. भीमकुंड, देवी पॉइंट, पंचबोल पॉइंट आणि जमल्यास गाविलगड, अशी यादी माझ्या यजमानांनी आदल्या रात्री केली होती. औषधांची पिशवी मी भरली होती. रक्तदाबाचे यंत्र, साखर मोजण्याचे यंत्र, मीठसाखरेची पाकिटे, सारे काही त्यात होते. डॉक्टरच्या घरची सहल होती ती.

देवी पॉइंटजवळच्या एका कट्ट्यावर सासूबाई बसल्या होत्या. "चला आई" म्हटल्यावर त्या उठल्या, दोन पावले चालल्या आणि माझ्या खांद्यावर कोसळल्या. त्यांना तिथेच आडवे केले, पाय उंच केले. साखर ठीक होती. पण रक्तदाब पार उतरला होता, जीभ कोरडी पडली होती. त्या शुद्धीवर होत्या, गिळू शकत होत्या. घोट घोट पाणी दिल्यावर अर्ध्या तासाने त्यांच्या चेहऱ्यावर रंग आला. मी विचारले, "सकाळपासून किती पाणी प्यायलात?" यजमान जरा दूर जाईपर्यंत त्या गप्प राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "पोराले गाडी थांबव म्हणून किती डाव सांगू? अन् थांबून तरी बाईमाणसानं जावं कुठं? म्हणून पाणीच नाई पेलं."

गाडीत पाण्याच्या चार बाटल्या होत्या. पिशवीत सारी यंत्रे होती. सकाळची गोळी मीच हातावर ठेवली होती. गोळी शरीरातील पाणी बाहेर काढत होती, ऊन काढत होते आणि आत मात्र काहीच जात नव्हते. रोज दवाखान्यात शंभर प्रश्न विचारणाऱ्या मला घरातल्या माणसाला एक प्रश्न विचारायचे सुचले नव्हते.

त्या दिवसापासून मी अनेक वृद्धांना हे एकांतात विचारले आहे. प्रवासाच्या दिवशी पाणी तोडणाऱ्या स्त्रिया तर खूपच भेटतात. प्रोस्टेटची तक्रार असलेले पुरुषही भेटतात. काही जण सकाळची 'लघवीची गोळी' कोणालाही न सांगता टाळतात. वयाबरोबर तहानेची जाणीव मंदावते, त्यामुळे शरीरही वेळेवर इशारा देत नाही. त्यातून चक्कर, पडणे, मूत्रमार्गाचा संसर्ग, मूत्रपिंडावर ताण, असे सारे संभवते. खुब्याचे हाड मोडण्यास एक चक्कर पुरते.

म्हणून सहल ठरवताना ठिकाणांची यादी शेवटी करावी. प्रथम थांबे ठरवावेत. साधारण दर तासा-दीड तासाने स्वच्छ स्वच्छतागृह मिळेल असे ठिकाण हवे. मग ते नातलगाचे घर असो, ओळखीचे हॉटेल असो वा पेट्रोल पंप. तेथे 'कोणाला जायचे आहे का' असे विचारू नये, सर्वांनीच उतरावे. कोणाला मागावे लागले नाही, की संकोच आपोआप सुटतो. शिवाय थोडे चालणे झाल्याने पायांवर सूज येत नाही. सांधे आखडलेल्यांनी आधी क्षणभर पाय खाली सोडून बसावे आणि मगच उभे राहावे.

दुसरी गोष्ट औषधांची. लघवी वाढवणारी गोळी आपल्या मनाने बंद करू नये. तिची वेळ त्या दिवसापुरती पुढे नेता येईल का, हे डॉक्टरांना आधी विचारावे. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे ज्यांचे पाणी मोजून ठरवलेले आहे, त्यांनीही प्रवासातले प्रमाण विचारून घ्यावे. मधुमेहाच्या ज्या गोळ्या किंवा इन्सुलिन जेवणाआधी घ्यायचे असते, ते जेवण समोर आल्यावरच घ्यावे. 'पंधरा मिनिटांत हॉटेल येईल' या भरवशावर घेऊ नये. इन्सुलिन उन्हात उभ्या गाडीत ठेवू नये आणि थेट बर्फावरही ठेवू नये. घाटात मळमळू नये म्हणून मिळणाऱ्या काही गोळ्यांनी वृद्धांना गुंगी येते, भ्रम होतो, प्रोस्टेट वाढलेल्यांची लघवी अडू शकते. त्या विचारल्याशिवाय देऊ नयेत.

तिसरी गोष्ट ऋतूची. आपल्या वऱ्हाडात मार्च अखेरपासून जूनपर्यंत दिवसाची सहल वृद्धांसाठी नव्हेच. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा खरा काळ. उन्हात कोणी असंबद्ध बोलू लागले, अंग चटका लागेल इतके तापले, तर ते साधे थकणे समजू नये. सावलीत नेऊन अंगावर पाणी घालावे, वारा घालावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

यानंतर ठिकाण निवडावे, आणि एका दिवशी एकच. अकोलेकरांना शेगाव सर्वांत सोयीचे. रेल्वेने तासाभराच्या आत पोचता येते आणि रेल्वेत स्वच्छतागृह असते, हा मोटारीपेक्षा मोठा फायदा. मात्र गुरुवार, एकादशी आणि प्रकटदिनाची गर्दी टाळावी. मन नदीकाठच्या बाळापूरला मिर्झाराजे जयसिंगांची छत्री पाहून दुपारच्या जेवणाला घरी परतता येते. लोणारला जायचे तर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे ते विवर काठावरूनच डोळे भरून पाहावे. गुडघे दुखणाऱ्यांनी खाली उतरू नये, कारण उतरलेले सारे चढावे लागते. नरनाळ्याच्या बाबतीतही हेच. अमरावतीकरांना मोझरीचा गुरुकुंज आश्रम किंवा महानुभावांचे रिद्धपूर सपाट रस्त्याने गाठता येते. मुक्तागिरीच्या पायऱ्या मात्र आधी गुडघ्यांना विचारून ठरवाव्यात. चिखलदऱ्यालाही हिवाळ्यात खुशाल जावे. एक पॉइंट पाहावा, कॉफी प्यावी आणि उजेडात घाट उतरावा.

आणि निवड कोणी करावी? हे मला सर्वांत उशिरा कळले. त्या घटनेनंतरच्या हिवाळ्यात मी सासूबाईंना विचारले, "तुम्हाला कुठे जायचे आहे?" त्या क्षणभर थांबल्या. बहुधा हा प्रश्न त्यांना प्रथमच कोणी विचारला असावा. म्हणाल्या, "मले रुक्मिणीचं माहेर पाह्याचं हाय." सारे आयुष्य त्या दर मंगळवारी अंबादेवीला जात. श्रीकृष्णाने रुक्मिणीचे हरण केले ते अंबादेवीच्या देवळातून, ही आपल्याकडची श्रद्धा. देवीसमोर त्यांनी पन्नास वर्षे हात जोडले होते. पण वर्धा नदीच्या काठचे, जेमतेम ४० किलोमीटरवरचे कौंडण्यपूर कधी पाहिले नव्हते.

जानेवारीत गेलो. सकाळी नऊला, नाश्ता करून निघालो. कुऱ्ह्याला एका नातलगांना आदल्या दिवशी फोन केला होता. तेथे उतरलो, चहा झाला. त्या दिवशी सासूबाईंनी गाडीत स्वतःहून बाटली मागितली. विठ्ठल-रुक्मिणीचे दर्शन घेतले. पंढरपूरला जाणारी रुक्मिणीमातेची पालखी येथूनच निघते, हे त्यांनीच मला सांगितले. मग नदीकडे तोंड करून त्या तासभर बसून राहिल्या. आम्हीही बसलो. पाहण्याची यादी नव्हतीच.

परतताना त्यांनी स्वतःच्या माहेरच्या गावावरून जायला सांगितले. फाट्यापासून थोडेसेच आत. घर विकले गेले होते, भाऊ वारले होते. नव्या मालकिणीने त्यांना ओसरीवर बसवले, ताक दिले. निघताना सासूबाईंनी मोकळेपणाने तिला विचारले, "बाई, मोरी कुठं हाय?" माझ्या मनावरचे ओझे तेथे उतरले.

दोन वर्षांनी त्या गेल्या. अलीकडे सहलीची परवानगी मागायला येणाऱ्या मुलांना मी औषधांच्या चिठ्ठीमागे तीन ओळी लिहून देते: थांबे कुठे, जेवण किती वाजता, आणि आईला कुठे जायचे आहे. तिसरी ओळ मी कोरी ठेवते. ती घरी जाऊन, आईजवळ बसून भरायची असते.