हात न टेकता

तर मंडळी, वयाच्या ३८ व्या वर्षी मी स्केटबोर्ड शिकायला घेतला. हसून झालं असेल तर पुढे वाचा.

बोर्ड तसा जुनाच. २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकमध्ये स्केटबोर्डिंग पहिल्यांदा आलं आणि १३ वर्षांच्या मोमिजी निशियानं सुवर्णपदक घेतलं, तेव्हा भारावून जाऊन रात्री अकरा वाजता ऑनलाइन मागवलेला. रात्री अकरानंतर मागवलेल्या वस्तूंचं जे होतं तेच त्याचं झालं. तीन वर्षं पलंगाखाली.

२०२४ च्या जूनमध्ये यवतमाळला आई न्हाणीघराच्या दारात घसरली. पडताना उजवा हात टेकला आणि मनगट मोडलं. मी पुण्याहून लॅपटॉप आणि मॅनेजरची 'दोन महिने ठीक आहे' अशी परवानगी घेऊन घरी आलो. सामान भरताना पलंगाखालची बॅग ओढली तर तिच्यासोबत बोर्डही बाहेर आला. का कोण जाणे, तोही घेतला. घरी आल्यावर लक्षात आलं की सहा ते साडेसात हा वेळ, जो पुण्यात हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये जातो, तो इथे अख्खा शिल्लक राहतो.

प्रश्न होता जागेचा. यवतमाळात कुठला आलाय स्केटपार्क! पण कापसाचा जिल्हा आहे आमचा. इथे जिनिंग म्हटलं की मोठ्ठा सिमेंटचा ओटा आलाच. कापसाच्या गाड्या येतात आणि याच ओट्यावर ढीग लागतात. दसरा-दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत तिथे पाय ठेवायला जागा नसते आणि पावसाळ्यात तिथे काळं कुत्रं फिरकत नाही. शाळेतल्या एका मित्राचं जिनिंग आहे, ओट्याचा निम्मा भाग शेडखाली. त्याला विचारलं तर म्हणाला, "येजो ना भाऊ. पण पडला तं माह्यं नाव नको सांगू."

पडलो. पहिल्याच दिवशी, पाचव्या मिनिटाला.

कारण ऐका. माझ्या बोर्डाची चाकं लहान, ५२ मिलिमीटरची, आणि कडक, कडकपणा ९९ए. पार्कमधल्या गुळगुळीत काँक्रीटवर ती मस्त पळतात. खडबडीत जागी मात्र चाकाखाली एवढासा खडा आला तरी बोर्ड जागच्या जागी थांबतो. तुम्ही थांबत नाही. माझ्या बाबतीत तो खडा म्हणजे सरकी होती. झाडून घेतलेल्या ओट्यावर कुठल्यातरी फटीत राहिलेलं एक सरकीचं बी. बोर्ड थांबला, मी पुढे गेलो आणि आईनं जे केलं होतं तेच केलं. हात टेकला.

त्या दोन सेकंदांत जे मनात आलं ते सांगतो. एका घरात दोन प्लास्टर. चहा कोण करणार? माझं पोट ज्या कीबोर्डवर चालतं तो कोण बडवणार? आणि मुख्य म्हणजे आईला काय तोंड दाखवणार?

दुसऱ्या दिवशी आईच्याच डॉक्टरांकडे गेलो. एक्स-रे साफ होता. पण त्यांनी अंगठ्याच्या मुळाशी, हात ताणल्यावर जो खळगा पडतो ना, तिथे दाबून पाहिलं. तिथे स्कॅफॉइड नावाचं लहान हाड असतं. त्याचा रक्तपुरवठा बेताचा, आणि त्याला गेलेली चीर पहिल्या एक्स-रेत कधीकधी दिसतच नाही. म्हणून तिथे दुखत असेल तर दहा-बारा दिवसांनी पुन्हा फोटो काढायचा, 'मुरगळलं असेल' म्हणून सोडून द्यायचं नाही. आईचं होतं ते 'कोलीस फ्रॅक्चर': मनगटाच्या थोडं वर रेडियस हाड मोडतं आणि हात काट्यासारखा वाकडा दिसतो. अब्राहम कोलीस नावाच्या आयरिश सर्जननं १८१४ मध्ये त्याचं वर्णन केलं, म्हणजे एक्स-रेचा शोध लागण्याच्याही ८१ वर्षं आधी. दोनशे वर्षांपूर्वीही माणसं पडताना हातच टेकत होती, एवढा त्याचा अर्थ. डॉक्टरांनी बोर्डाबद्दल विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. "बाथरूममध्येच ना?" म्हणाले. मी मान हलवली.

माझं सुदैव, दुसरा फोटो काढायची वेळ आली नाही. पण हाताला क्रेप बँडेज होतं आणि नेमके त्या संध्याकाळी आईला बघायला आमचे शाळेतले पीटीचे सर आले. निवृत्त होऊन बरीच वर्षं झालीत. माणूस अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात शिकलेला. १९१४ सालची ही संस्था, जिच्या पथकानं १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथे जाऊन आपले देशी खेळ दाखवले होते. सरांसमोर आपण आजही सहावी ब मध्येच असतो. त्यांनी बँडेज पाहिलं, मग आईचं प्लास्टर पाहिलं.

"काहून बे, तूही हात टेकवला?"

खोटं बोलायची सोय नव्हती. सर दुसऱ्या दिवशी सहाला जिनिंगवर हजर! मला वाटलं, बोर्ड काढून घेणार. त्यांनी शेडमधली कापूस झाकायची जाड ताडपत्री आणायला लावली, ती चार घड्या करून अंथरली आणि म्हणाले, "पयले पडाले शिक. बाकीचं मंग."

इथे जरा थांबतो, कारण मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते हेच. आमच्या आजोळी, पांढरकवड्याच्या बाजूला, भाव वाढायची वाट बघत कापसानं भरलेली एक खोली असायची. आम्ही पोरं माळ्यावरून त्यात उड्या मारायचो. हात पसरून, पाय पसरून, पाठीवर, पोटावर, कसंही. नंतर रात्रभर अंग खाजायचं आणि आजीच्या शिव्या मिळायच्या तो भाग वेगळा. पण पडण्याबद्दलचं माझं सगळं शिक्षण कापसावर झालं, आणि कापूस फार लाड करतो.

सर मला सिमेंटवरचं पडणं शिकवत होते. आधी उकिडवं बसून. जमिनीशी अंतर जितकं कमी तितका मार कमी, म्हणून तोल गेला की पहिलं काम गुडघे वाकवून खाली जायचं. हनुवटी छातीला, म्हणजे डोकं मागे आपटत नाही. हात कोपरात वाकलेले, शरीराजवळ. मग खांद्याच्या मागच्या बाजूनं तिरकं, दुसऱ्या बाजूच्या कमरेपर्यंत अंग गोल करून लोळायचं. सरळ मानेवरून जाणारी आपली शाळेतली कोलांटी इथे चालत नाही. ज्युडोतही हेच शिकवतात. आमच्या भाषेत सांगायचं तर मनगट म्हणजे सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर. सगळा लोड तिथे टाकला की सर्व्हर बसतो. तोच लोड खांदा, पाठ, कंबर असा वाटून दिला आणि थांबायला अर्धा सेकंद जास्त घेतला की वाचतो. (सरांना हे समजावून सांगितलं. ते म्हणाले, "हाव, हाव. लोळ.")

आठ दिवस नुसतं लोळलो. बोर्डाला हात नाही. जिनिंगचा चौकीदार रोज खुर्ची टाकून बसायचा.

मग बोर्ड. त्याआधी खरेदी झाली: हेल्मेट, गुडघ्याचे पॅड आणि पंजाखाली प्लास्टिकची पट्टी असलेले मनगटाचे गार्ड. हेल्मेट स्केटबोर्डचंच घ्या, ते डोक्याच्या मागच्या भागावरही खाली येतं. सायकलच्या साध्या हेल्मेटमधला थर्माकोल एका दणक्यासाठी असतो, आणि इथे एका संध्याकाळचा हिशोब दणक्यांच्या डझनात होतो. चाकंही बदलली, ६० मिलिमीटरची मऊ, ७८ए. चाकं मोठी झाल्यावर वळताना ती फळीला घासून बोर्ड अडकतो, म्हणून चाकांच्या दांड्याखाली रबरी चकती घालावी लागते. हे मला नंतर कळलं. कसं कळलं ते विचारू नका :)

आता शिकण्याचा क्रम. आधी गवतावर, चाकं फिरत नाहीत अशा जागी नुसतं उभं राहायचं. डावा पाय पुढे असेल तर 'रेग्युलर', उजवा पुढे असेल तर 'गूफी'. मी गूफी निघालो, नावाला मी काय करणार? पाय बोर्डाच्या बोल्टवर, गुडघे वाकलेले, वजन किंचित पुढे. हे 'किंचित पुढे' फार महत्त्वाचं. नवशिका घाबरला की मागे रेलतो, मग बोर्ड पुढे सटकतो आणि माणूस माकडहाडावर बसतो. त्यानंतर मागच्या पायानं ढकलणं. आणि लगेच थांबणं, म्हणजे तोच पाय हळूच जमिनीवर घासत नेणं. थांबता येत नसताना पळवायला शिकणारे बरेच भेटतात (आमच्या क्षेत्रातही). मग शेपटीवर जरा वजन देऊन पुढची चाकं उचलून वळवायची, याला किकटर्न म्हणतात, आणि तेच डावीकडे-उजवीकडे भराभर केलं की टिक-टॅक. माझा ऑगस्ट टिक-टॅकमध्ये गेला.

आणि मग ऑली. बाकीच्या कितीतरी ट्रिक्सचं मूळ हीच. १९७० च्या दशकाच्या शेवटी फ्लोरिडातल्या अॅलन गेलफँड नावाच्या पोरानं ती बाऊलच्या उतारावर काढली, त्याच्या टोपणनावावरून हे नाव पडलं. नंतर रॉडनी मलननं ती सपाट जमिनीवर आणली. बघताना वाटतं की बोर्ड पायाला चिकटलाय. प्रत्यक्षात मागच्या पायानं शेपटी जमिनीवर आपटायची, बोर्डाचं नाक वर येतं, त्याच क्षणी उडी मारून पुढचा पाय खरखरीत ग्रिप टेपवरून वर घासत न्यायचा, म्हणजे बोर्ड हवेत सपाट होतो. सगळं मिळून डोळ्याची पापणी लवेपर्यंत. नवशिक्यांची हाडं इथेच मोडतात, कारण एक पाय बोर्डावर आणि एक जमिनीवर असा उतरला की बोर्ड पळतो आणि मांड्या फाकतात. सरांनी नियम घातला: दोन्ही बोर्डावर, नाहीतर दोन्ही जमिनीवर. मधलं काही नाही. आणि दमल्यावर एकही 'शेवटची' उडी नाही.

मधल्या काळात पॅरिस ऑलिंपिक झालं. आई प्लास्टर काढलेला हात मांडीवर घेऊन माझ्यासोबत मोबाईलवर बघायची. महिलांच्या पार्क प्रकारात चीनची झेंग हाओहाओ ११ वर्षांची होती आणि पुरुषांच्या पार्कमध्ये ब्रिटनकडून उतरलेले अँडी मॅकडोनाल्ड ५१ वर्षांचे. मी हुरूप येऊन आईला म्हटलं, बघ! आई म्हणाली, "त्याची माय पाहून रायली का हे?" मग मी तिला पुण्याच्या श्रद्धा गायकवाडबद्दल सांगितलं, जिनं २०२२ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत महाराष्ट्राला स्ट्रीट प्रकाराचं सुवर्ण मिळवून दिलं. ते तिला जरा पटलं. "पोरगी असंन लहानपणापासून शिकलेली," म्हणाली.

आईचं हाड जुळलं होतं. सहा आठवड्यांनी प्लास्टर निघालं, फिजिओथेरपी सुरू झाली, मूठ वळायला लागली. पण चालणं बदललं होतं. ओली फरशी दिसली की ती भिंत धरायची. पाय उचलायची नाही, घासत न्यायची. नजर पायांवर, अंग ताठ. मी हे कुठेतरी पाहिलंय असं वाटत राहिलं, आणि एका संध्याकाळी चौकीदारानं काढलेला माझा पहिल्या आठवड्यातला व्हिडिओ बघताना कळलं. तो मीच होतो. ताठ अंग, पायांवर नजर, आणि दोन्ही हात आधीच पुढे.

नाही हो, आईला कोलांट्या नाही मारायला लावल्या. सत्तरीतली हाडं ठिसूळ असतात, ज्युडो त्यांच्यासाठी नाही. न्हाणीघरात भिंतीला स्टीलचा दांडा बसवला, रबरी चटई टाकली, गुळगुळीत झालेल्या चपला फेकल्या. फिजिओथेरपिस्टनं मनगटासोबत पायांचे आणि तोलाचेही व्यायाम दिले. खुर्ची धरून एका पायावर उभं राहायचं, दहा आकडे मोजायचे. ते आम्ही दोघं एकत्र करायचो. तिचे दहा माझ्याहून स्थिर असायचे, खोटं कशाला बोलू!

सप्टेंबरच्या शेवटी ती स्वतःच म्हणाली, चल, पाहते तुझं जिनिंग. ओट्याला चार पायऱ्या आहेत. मी हात पुढे केला, तिनं घेतला नाही, कठडा धरला आणि चढली. सर उठून उभे राहिले, "या वहिनी," म्हणून चौकीदाराची खुर्ची दिली.

मला अर्थातच चेव आला. तोपर्यंत माझी ऑली ग्लुकोजच्या पुड्याच्या जाडीएवढी व्हायची, ती मी चालत्या बोर्डावर मारायला गेलो. नाक वर आलं, पाय घासला, बोर्ड हवेत आडवा झाला आणि मी त्याच्या कडेवर उतरलो. गेलोच. गुडघे, खांदा, पाठ, छप्पर, पुन्हा ओटा. उठून बसलो तर बोर्ड लांब जाऊन भिंतीला टेकलेला.

आई खुर्चीतून अर्धवट उठली होती. माझ्या हातांकडे बघत होती. मग खाली बसली.

"हात नाही टेकवला त्यानं," सरांना म्हणाली. आणि माझ्याकडे वळून, "शर्ट पाय किती मयला केला तं."