पाणी लागेपर्यंत

या लेखात जे 'आम्ही' येईल ते मोठेपणाचे नाही. आम्ही खरोखरच दोघे भाऊ आहोत. थोरला बारामतीत, धाकटा इंदापुरात. यातले काय कोणी लिहिले आणि कोणी खोडले याचा हिशेब आम्ही ठेवलेला नाही. पुस्तकांचेही तसेच. बारामतीच्या घरात एक लोखंडी कपाट आणि इंदापूरच्या माळ्यावर तीन पेट्या, एवढा आमचा संग्रह. सगळी पुस्तके खाणींविषयीची. बहुतेक जुनी, छापणे केव्हाच बंद झालेली, काही पाठीपुठ्ठ्याविना.

आमच्या दोन्ही तालुक्यांत खाण म्हटली की खडीची. सोने नाही, कोळसा नाही, खाली सगळा काळा पाषाण. मग हा नाद कुठून लागला, असे लोक विचारतात. अम्मी तर शेवटपर्यंत म्हणायची, "पत्थरां फोडे सो बस नै हुवा क्या, अब पत्थरां की किताबां भी?"

तिचे बरोबर होते. आम्ही बेलदार. फारसीत 'बेल' म्हणजे फावडे, ते धरणारा तो बेलदार. आजोबांनी फावडे धरले, अब्बांनी सुरुंग. १९७२ च्या दुष्काळात अर्धा तालुका सरकारी कामावर खडी फोडत आणि सुकडी खात होता, तेव्हा अब्बा इंदापूरकडच्या माळावर विहिरी पाडत होते. एकाने पहार धरून फिरवायची, दुसऱ्याने घण मारायचा. हातभर खोल भोक पडले की दारू ठासायची, वात लावायची, बिडीने पेटवायची आणि दोर धरून वर यायचे. कुदळ मारायच्या दिवशी शेतकरी नारळ फोडायचा, अब्बा बिस्मिल्ला म्हणायचे. पाणी लागले की इंदापुरात चाँदशाह वलींच्या दर्ग्यावर मलिदा जायचा. मलिदा पुष्कळदा शेतकऱ्याच्या घरूनच यायचा.

पहारेच्या आवाजावरून खाली काय आहे ते अब्बांना कळे. त्यांचा एकच नियम होता. जितके लावले तितके मोजायचे. सात लावले आणि सहाच वाजले, तर त्या दिवशी खाली उतरायचे नाही. १९७८ च्या उन्हाळ्यात सात लावले, सहा वाजले. विहिरीचा मालक घाई करत होता, मजुरी बुडणार होती. अब्बा उतरले. उजव्या हाताची दोन बोटे गेली आणि डावा कान कायमचा गेला. त्या विहिरीला पुढे भरपूर पाणी लागले असे ऐकले. आम्ही ती पाहायला कधी गेलो नाही.

त्यानंतर अब्बांनी बारामतीत हातगाडीवर रद्दीचा धंदा सुरू केला. वर्तमानपत्रे वाण्याला, वह्या भेळवाल्याला, जाड पुस्तके पुण्याच्या व्यापाऱ्याला. एका निवृत्त इंजिनिअरच्या बंगल्यातून दोन पोती पुस्तके आली. त्यात टॅव्हर्नियेच्या हिंदुस्थानातील प्रवासाचा दुसरा खंड होता, १८८९ सालचा, लंडनचा. पहिला खंड नव्हताच. पाने चाळताना आम्हाला 'गोवळकोंडा' आणि 'विजापूर' ही नावे दिसली आणि आम्ही ते पुस्तक तराजूतून उचलून घेतले. थोरला तेव्हा कॉलेजात होता, धाकटा दहावीत.

टॅव्हर्निये हा सतराव्या शतकातला फ्रेंच जवाहिऱ्या. त्याचे भाषांतर करणारा व्हॅलेंटाइन बॉल मात्र भूगर्भ खात्यात नोकरी केलेला, स्वतः खाणी पाहिलेला माणूस. त्यामुळे त्याच्या तळटिपा मूळ मजकुराइतक्याच वाचनीय आहेत. टॅव्हर्निये एका खाणीचे नाव 'गनी' देतो. बॉल सांगतो की ते नाव नव्हेच. फारसी 'कान', म्हणजे खाण, एवढाच तो शब्द. लोकांनी 'खाण' म्हटले आणि साहेबाने ते गावाचे नाव म्हणून लिहून घेतले! दुसरी, विजापूरच्या मुलखातली खाण म्हणजे कर्नूलकडचे रामल्लकोटा, हेही बॉलनेच जुळवले. आमचा मुलूखही त्या काळी आदिलशाहीतच होता, म्हणून आम्हाला उगीच जवळीक वाटली.

रात्री आम्ही ते अब्बांना वाचून दाखवायचो, धड कानाच्या बाजूला बसून. इंग्रजी आमचे यथातथा. वाक्याचा मराठीत अर्थ लावायचा आणि घरच्या दखनीत सांगायचा. अब्बा कामाचे प्रश्न विचारत. किती खोल? माती कोण वाहते? मजुरी काय? पुस्तकात उत्तरे होती. कोल्लूरच्या त्या 'गनी' खाणीवर टॅव्हर्निये पहिल्यांदा गेला तेव्हा जवळजवळ ६०,००० माणसे राबत होती. बाप्ये खोदत, बाया-पोरे माती वाहत. माती आवारात पसरून पाण्यात भिजवायची, गाळ जाऊ द्यायचा, वाळली की सुपातल्या धान्यासारखी पाखडायची. विजापूरच्या मुलखातल्या खाणीवर कसबी मजुराला वर्षाला तीन होन मिळत. कोल्लूरला कामाच्या आधी देव मांडून पूजा आणि जेवण होई. हे ऐकून अब्बा हसले, "नारळ फोड्याच होंगे."

मग खोलीची गोष्ट आली. दहा, बारा, फार तर चौदा फूट. त्याखाली पाणी लागले की पुढे काही आशा उरत नाही, असे टॅव्हर्निये लिहितो. थोरल्याने हे दोनदा वाचले, कारण अब्बांना वाटले की आम्ही चुकीचा अर्थ सांगतोय.

"पानी लग्या तो रोते ये लोगां?"

पन्नास-साठ फूट पाषाण फोडून पाणी लागेल म्हणून आयुष्य घालवलेला माणूस. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ही किताब विकायची नाही.

तेव्हापासून आम्ही जमवू लागलो. पुण्याचा जुना बाजार, हैदराबादेत आबिद्सच्या फुटपाथवर रविवारी मांडलेली पुस्तके, बंद पडलेल्या वाचनालयांची रद्दी. फर्मरचा १९०९ सालचा मँगनीजवरचा जाडजूड ग्रंथ एका ग्रंथालयाने किलोवर काढला होता. नागपूर-भंडाऱ्याकडच्या खाणी त्यात आहेत. कोलारच्या सोन्याच्या खाणी २००१ मध्ये बंद झाल्या तेव्हा तिकडची काही कागदपत्रे बाजारात येतील म्हणून आम्ही वाट पाहिली. हाती एक जुना नकाशा आणि दोन अहवाल लागले. अग्रिकोलाचा १५५६ चा लॅटिन ग्रंथ हर्बर्ट हूव्हर आणि त्याच्या बायकोने १९१२ मध्ये इंग्रजीत आणला. हा खाणइंजिनिअर पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला. त्या पुस्तकाची पहिली आवृत्ती आम्ही फक्त काचेआड पाहिली आहे. किमतीही लिहिण्यासारख्या नाहीत. काही घरात आजही माहीत नाहीत.

या सगळ्या पुस्तकांत आम्ही एक गोष्ट शोधत असतो. खोदणाऱ्याचे नाव. साठ हजारांतले एकही टॅव्हर्नियेने लिहिलेले नाही. फर्मरच्या ग्रंथात टनांचे आकडे पानोपानी आहेत. वात पेटवून वर येणारा माणूस मात्र 'मजूर' या एका शब्दात आटपतो.

आबिद्सवरच आम्हाला अल्-बिरूनी मिळाला. जवाहिरांवरचा त्याचा अरबी ग्रंथ, 'किताबुल जमाहिर', हैदराबादच्या दायरतुल मआरिफने १९३६ च्या सुमारास छापलेला. हजार वर्षांपूर्वीच्या माणसाचे रत्नांवरचे आणि धातूंवरचे पुस्तक, आमच्याच दख्खनेत छापलेले. साठ रुपयांना मिळाले. घरी आणून उघडले आणि दोघेही गप्प झालो. जेर-जबर नाहीत. लहानपणी मक्तबात आम्ही कुरआन नाजिरा पुरा केला, खतमाचे पेढे वाटले. अक्षर न् अक्षर ओळखीचे, अर्थ शून्य. इंग्रजाचा ग्रंथ आम्ही डिक्शनरी घेऊन फोडला. आपला म्हणावा असा हा ग्रंथ पंधरा वर्षे कपाटात तसाच राहिला. पाहुण्यांना तो आम्ही अभिमानाने दाखवत असू. वाचला का, असे कोणी विचारले नाही हे बरे झाले.

अब्बा २००९ मध्ये गेले. अरबी किताबीत काय आहे ते त्यांना शेवटपर्यंत सांगता आले नाही, याची रुखरुख आम्हा दोघांना आहे.

त्यानंतर आमच्यात पहिल्यांदा वाद झाला. पुतण्याने मोबाईलवर दोन मिनिटांत टॅव्हर्नियेचे दोन्ही खंड काढून दाखवले, फुकट. पहिल्या खंडासाठी आम्ही वीस वर्षे रद्दीवाल्यांचे उंबरे झिजवले होते. धाकट्याचे म्हणणे, विकून टाकू, पोरांच्या फीला होतील. वाळवी लागायची वाट कशाला बघायची? थोरला म्हणाला, टॅव्हर्निये अब्बांनी विकायचा नाही म्हटलेय. धाकटा म्हणाला, बाकीची तर विकू. त्यावर सहा महिने एकमेकांकडे जाणे झाले नाही. रमजान ईदला झाले.

मधल्या काळात आम्ही एकदा नकाशा घेऊन बसलो होतो. आमची नीरा नरसिंहपूरला भीमेला मिळते, भीमा रायचूरकडे कृष्णेला. कृष्णाकाठचे कोल्लूर आता पुलिचिंतला धरणाच्या पाण्याखाली आहे. उजनीत जुने पळसदेव गेले तसे. पळसदेवचे देऊळ निदान कडक उन्हाळ्यात वर येते. म्हणजे त्या साठ हजारांच्या खड्ड्यांत अखेर पाणी लागलेच, आणि त्यात आमच्या ओढ्याचेही चार थेंब असणार. हे अब्बांना सांगायला हवे होते, असे धाकटाच म्हणाला.

गेल्या वर्षी ओळखीच्या एका तरुण मौलानांना आम्ही ती किताब दाखवली. त्यांना वाटले मसाइलची असेल. पाने उलटता उलटता ते मांडी घालून बसले. पाचूकडे पाहिले की साप आंधळा होतो, असे त्या काळी सगळे म्हणत. बिरूनीने ते खरे मानले नाही. सापाच्या गळ्यात पाचूंची माळ घातली, त्याच्या टोपलीत पाचू पसरले, नऊ महिने, थंडीत आणि उन्हाळ्यातही. सापाला काही झाले नाही. नजर उलट तेज झाली असेल तर न कळे, असेही तो लिहून ठेवतो. मौलाना एवढे हसले की आतून चहा घेऊन येणारी पोरे दारातच थांबली.

किती वेळा लावले आणि किती वाजले, ते मोजणारा माणूस. आम्ही एकमेकांकडे पाहिले.

आता मौलाना सवड मिळेल तसे येतात, वाचून दखनीत अर्थ सांगतात आणि आम्ही तो वहीत मराठीत उतरवतो. पुस्तके विकायचा विषय सध्या निघत नाही. हिऱ्याचे प्रकरण झाले, मोत्यांचे झाले. लोखंडाचे राहिले आहे. अब्बांची पहार कपाटामागे उभी असते. ती पाहून ते प्रकरण आधी घ्यावे असे धाकट्याच्या मनात होते, पण मौलाना पाने सोडत नाहीत. शाबानमध्ये मदरशाला सुट्टी लागली की इंदापुरात चार दिवस मुक्कामाला येतो म्हणाले आहेत.