पडद्याअलीकडचे हात

मोबाइलवर डॉक्टर दिसायला लागले की आता दवाखाना घरी आला, असं लोकांना वाटतं. मी बीड जिल्ह्यातल्या एका उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी आहे, शिक्षणाने बी.एस्सी. नर्सिंग झालेली सिस्टर. ई-संजीवनी या सरकारी टेलिमेडिसिन सेवेवर कॉल लावणं हा माझ्या ओपीडीचा रोजचा भाग. या कामात एक गोष्ट माझ्या मनात पक्की झाली आहे. व्हिडिओवरची तपासणी चांगली झाली की नाही, हे रुग्णाजवळ कोण उभं आहे यावर ठरतं. पलीकडे कितीही मोठा डॉक्टर असो, अलीकडे शिकलेले हात नसतील तर त्या डॉक्टरलाही अर्धंच दिसतं.

हे पहिल्यापासून असंच आहे. मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलचे डॉ. केनेथ बर्ड यांनी १९६८ साली बोस्टनच्या लोगन विमानतळावरचा दवाखाना टीव्हीच्या दुहेरी दुव्याने हॉस्पिटलशी जोडला. अंतर चारेक किलोमीटरचं, पण रस्त्यावरच्या वाहनांच्या गर्दीत डॉक्टरांचा वेळ जायचा. विमानतळावरचा तो दवाखाना नर्स सांभाळत होत्या. डॉक्टर पडद्यावरून बघत आणि रुग्णाजवळचं काम नर्स करत. टेलिमेडिसिनचा इतिहास सांगताना डॉ. बर्ड यांचं नाव आवर्जून येतं, यायलाच हवं. त्या नर्सची नावं मात्र कुठे फारशी वाचायला मिळत नाहीत.

आपल्याकडे आरोग्य केंद्रांसाठी ई-संजीवनी नोव्हेंबर २०१९मध्ये सुरू झाली. मोहालीच्या सी-डॅकने ती तयार केली. २५ मार्च २०२०ला, लॉकडाउन लागला त्याच दिवशी, देशाची टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं जाहीर झाली आणि एप्रिलमध्ये लोकांना घरबसल्या डॉक्टरांशी बोलण्याची सोय झाली. फेब्रुवारी २०२३पर्यंत ई-संजीवनीवरच्या सल्ल्यांचा आकडा १० कोटींवर गेला. आमच्यासारख्या उपकेंद्रांत या व्यवस्थेची रचना सोपी आहे. रुग्ण आणि मी इकडे, डॉक्टर तिकडे. विचारणं डॉक्टरांचं, तपासणं माझं.

आता तपासणं म्हणजे काय ते सांगते. अंगात रक्त कमी आहे का, हे पापणीच्या आतल्या बाजूवरून बघतात. ट्यूबलाइटखाली मोबाइलचा कॅमेरा रंग बऱ्याचदा बदलतो. फिकट पापणी गुलाबी दिसते आणि डोळ्यांतला काविळीचा पिवळेपणा दिसतच नाही. म्हणून मी बाईला आधी दाराशी उजेडात आणते, पापणी खाली ओढून स्वतः बघते आणि मग हिमोग्लोबिन मोजते. गरोदर बाईचं ११च्या खाली असेल तर रक्त कमी, ७च्या खाली असेल तर धोका मोठा. कॉलवर मी ‘जरा फिकट वाटते’ असं म्हणत नाही, आकडा सांगते.

खोकणारं लेकरू असेल तर त्याचा श्वास मोजावा लागतो. ते आईच्या मांडीवर शांत बसल्यावर झबलं वर करायचं आणि घड्याळ धरून पूर्ण मिनिट मोजायचं. दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाचा श्वास मिनिटाला ५० किंवा जास्त भरला, एक ते पाच वर्षांच्या मुलाचा ४० किंवा जास्त भरला, तर तो जलद समजायचा. नेटवर्क कच्चं असलं की चित्र अडकत अडकत पुढे जातं. अशा चित्रावर कुठल्याही डॉक्टरला श्वास मोजता येणार नाही. छाती आत ओढली जात असेल तर मी पहिल्याच वाक्यात ते सांगते. बाळ अंगावर पीत नसेल, गळून गेलं असेल, तर कॉलची वाट न बघता आधी १०८ला फोन.

बीपीचंही तसंच. रुग्ण उन्हातून चालत आला की त्याला पाच मिनिटं बसवायचं. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात छातीच्या पातळीवर, पट्टा दंडाच्या मापाचा. डॉक्टर जो आकडा ऐकून गोळी ठरवणार, तो आकडा घाईत घेतलेला असेल तर गोळीही चुकीची ठरते. कॉल पाच-सात मिनिटांचा असतो, पण त्याच्या आधीची ही तयारी त्याहून मोठी असते. ती कुठल्याही नोंदीत दिसत नाही.

आमच्या भागात या कामाची खरी परीक्षा दसरा-दिवाळीनंतर सुरू होते. तेव्हा माझ्या गावच्या टोळ्या ऊसतोडीला निघतात. कोणी पश्चिम महाराष्ट्रात, कोणी कर्नाटकात. मागे राहतात म्हातारी माणसं आणि शाळेतली मुलं. जाणाऱ्यांत गरोदर बाया असतात, बीपी-शुगरचे पेशंट असतात. पुढचे चार-पाच महिने त्यांचा मुक्काम उसाच्या फडाजवळच्या कोपीवर, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत. एक दिवस कामावर नाही गेलं तर खाडा पडतो आणि मुकादमाच्या हिशेबात आगाऊ घेतलेली उचल फिटणं तेवढं लांबतं. त्यामुळे दवाखान्यात कोणी लवकर जात नाही. अशा वेळी टोळीतला एखादा चांगला मोबाइल हाच आमचा दुवा.

टोळीतल्या एका काकांना इन्सुलिन सुरू होतं. गावात असताना आटोक्यात असलेली साखर तिकडे जाऊन वाढली. गोड खात नाहीत, डोसही चुकवत नाहीत असं ते शपथेवर सांगत होते. व्हिडिओ कॉलवर मी म्हटलं, “काका, संध्याकाळचं इंजेक्शन मला दाखवत घ्या.” त्यांनी मोबाइल पोराच्या हातात दिला आणि सिरिंज भरायला घेतली. आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटल्या दोन ताकदीच्या मिळतात: एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट किंवा १०० युनिट. सिरिंजही त्याप्रमाणे वेगळी. ४०ची लाल टोपणाची, १००ची केशरी. मोबाइलवर लाल आणि केशरी सारखेच दिसतात, म्हणून मी त्यांना सिरिंजवरचा आकडा वाचायला लावला. बाटली ४०ची होती आणि कारखान्याच्या गावातून आणलेली नवी सिरिंज १००ची. २०च्या खुणेपर्यंत भरलं की अंगात जात होते फक्त ८ युनिट. काका खरंच डोस चुकवत नव्हते. उलटी गल्लत झाली असती, म्हणजे १००ची बाटली आणि ४०ची सिरिंज, तर अडीचपट इन्सुलिन जाऊन जीवावर बेतलं असतं. ही चूक नुसत्या फोनवर सहज कळली नसती. डोळ्यांना दिसणारी होती म्हणून व्हिडिओवर सापडली.

सगळंच असं दिसत नाही. सातव्या महिन्यातली एक बाई कोपीवरून बोलत होती. डोकं दुखतं, पाय सुजलेत म्हणाली. मी तिला नडगीवर अंगठा दाबून धरायला सांगितला आणि कॅमेरा जवळ घ्यायला लावला. खड्डा पडला आणि तसाच राहिला. डोळ्यांपुढे अंधारी येते का, पोटात वरच्या बाजूला दुखतं का, लघवी कमी होते का, सगळं विचारलं. पण खरा प्रश्न बीपीचा होता. १४०/९० किंवा जास्त असेल तर एक मार्ग, १६०/११० किंवा जास्त असेल तर एक तासही थांबायचं नाही. तो आकडा पडदा सांगत नाही.

अशा वेळी नर्सचं काम असतं तिकडचे हात शोधायचे. ती बाई कुठल्या गावाच्या शिवारात आहे ते विचारायचं, तिथलं उपकेंद्र कोणतं ते काढायचं आणि तिथल्या सिस्टरला फोन करायचा: “ताई, माझ्या गावची गरोदर बाई तुमच्या हद्दीत आहे.” माता-बाल संरक्षण कार्डाचा फोटो पाठवायचा, आधीचं बीपी आणि हिमोग्लोबिन सांगायचं. त्या रात्री त्या सिस्टरच्या सांगण्यावरून तिथल्या आशाताई कोपीवर गेल्या, बीपी मोजलं आणि बाईला तिथूनच ग्रामीण रुग्णालयात नेलं. कॉलचा उपयोग झाला, कारण तो एका सिस्टरकडून दुसऱ्या सिस्टरपर्यंत पोहोचला. आज हे ओळखीपाळखीवर चालतं. माझ्याकडे त्या ताईंचा नंबर निघाला म्हणून जमलं.

आणखी एक गोष्ट कॅमेऱ्यात दिसत नाही: खोलीत बाकी कोण आहे. सासू शेजारी असताना ‘अंगावरून पांढरं जातं’ हे बाई सांगत नाही. नियमानुसार रुग्णाने स्वतः कॉल लावला तर त्याची संमती धरली जाते. आरोग्य कर्मचाऱ्याने लावला तर ती स्पष्ट विचारून घ्यावी लागते. मी ती संमती सगळ्यांना बाहेर पाठवून, दार लावून घेते, आणि इअरफोन बाईच्या कानात देते. बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याच्या बातम्या २०१९ साली देशभर गाजल्या, सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. साध्या औषधाने बरी होणारी तक्रार वेळेवर ऐकायला कोणी नसेल, तर बाई पिशवी काढून मोकळी व्हायला तयार होते. बंद दारामागचा दहा मिनिटांचा कॉल तिला स्त्रीरोगतज्ज्ञापर्यंत नेतो. आतून तपासणं व्हिडिओवर होत नाही. त्यासाठी तिला प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावं लागतं, हे डॉक्टरही सांगतात आणि मीही. पण ऑपरेशनच्या आधी दुसरा रस्ता आहे, हे तिला त्या कॉलवर पहिल्यांदा कळतं.

मग या कामाला काय हवं? बी.एस्सी. नर्सिंगच्या सुधारित अभ्यासक्रमात माहिती तंत्रज्ञानाचा विषय आहे. त्यात कॅमेऱ्यासमोर रुग्ण कसा तपासायचा आणि तो डॉक्टरांना मोजक्या वाक्यांत कसा सांगायचा, याचा सराव वॉर्डात करून घ्यायला हवा. ऊसतोडीचे जिल्हे आणि कारखान्यांचे जिल्हे यांच्यातल्या उपकेंद्रांचे नंबर हंगामाआधी एकमेकांकडे असायला हवेत, म्हणजे गरोदर बाईची जबाबदारी ओळखीवर अवलंबून राहणार नाही.

आणि नोंद बदलायला हवी. आज किती कॉल झाले, हे आम्हाला रोज विचारलं जातं. त्या रजिस्टरमध्ये दोन रकाने वाढवा: रुग्णाजवळ कोण होतं, आणि डॉक्टरांनी सांगितलेलं पुढे झालं का. हे दोन रकाने भरायला लागले की नुसत्या आकड्यासाठी लावलेले कॉल आपोआप उघडे पडतील, आणि फडावर गेलेल्या बाईचं बीपी मोजणं हे कोणत्या तरी एका सिस्टरच्या नावावर लागेल.