वेगापेक्षा वजन बघा
भाचा अमेरिकेत कोलोरॅडोला असतो. तिथं परवाना काढून हरणाची शिकार चालते. त्यानं विचारलं, मामा, २२-२५० घेऊ का २४३?

काडतुसं दोन्ही वेगवान. पण पहिल्याची नेहमीची गोळी ५५ ग्रेन, म्हणजे साडेतीन ग्रॅम; दुसऱ्याची १०० ग्रेन, साडेसहा ग्रॅम. हलकी गोळी हाडावरच फुटली तर जनावर जखमी होऊन पळतं अन् रानात तडफडून मरतं. तिथला कायदाही हरणाला ०.२४ इंचापेक्षा बारीक गोळी चालू देत नाही. म्हटलं, २४३च घे.

आपल्याकडं काळवीट मारणं १९७२ च्या कायद्यानं गुन्हा. हरभरा खाल्ला तर वनखात्याकडं अर्ज करा, पंचनामा करून घ्या. झटका मशीन बसवा, पण तारेत थेट लाईट सोडू नका. त्यात आपलंच माणूस जातं.