मनाची शुद्धता म्हणजे नेमकं काय?



परिपाठाच्या वेळी आपण मुलांची नखं, केस, गणवेश पाहतो. शरीराची स्वच्छता डोळ्यांना दिसते, म्हणून ती तपासता येते. पण मूल्यशिक्षणाच्या तासाला 'शुद्ध अंतःकरण', 'निर्मळ मन', 'सदसद्विवेकबुद्धी' हे शब्द फळ्यावर लिहिले की मुलं विचारतात, "बाई, म्हणजे काय?" याचं सोपं उत्तर आपल्यापैकी किती जणांकडे असतं?

मला ते वर्गाबाहेरच्या पाण्याच्या पिंपाजवळ सापडलं. तिसरीतला एक मुलगा पाणी पिण्याआधी पेला विसळायचा. सवय चांगलीच! पण थोडं लक्ष दिल्यावर कळलं, की ठरावीक एका मुलाने पाणी प्यायल्यावरच तो पेला विसळतो. जवळ घेऊन विचारलं तर म्हणाला, "घरी सांगितलंय, त्याच्यानंतर तसंच प्यायचं नाही." आठ वर्षांचं लेकरू ते. ऐकलेलं पाळत होतं.

मी त्याला रागावले नाही. वर्गासाठी एकच नियम केला: पाणी प्यायल्यावर ज्याने त्याने पेला विसळून ठेवायचा, पुढच्यासाठी. मीही तोच पेला वापरते. पेला तोच, पाणी तेच, विसळणंही तेच. पण आधी त्या विसळण्यात 'तो नको' होतं. आता 'पुढच्याला स्वच्छ मिळावं' आहे. शुद्धता पेल्यात नसते, हेतूत असते.

महाडचं चवदार तळं आठवा. नगरपालिकेने १९२४ मध्येच ते सर्वांसाठी खुलं केल्याचा ठराव केला होता. तरी अस्पृश्य मानलेल्यांना तिथे पाणी मिळत नव्हतं. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी ते पाणी प्यायलं. त्यानंतर तळं 'बाटलं' म्हणून शेण, गोमूत्र, दूध, दही यांच्या १०८ घागरी वापरून त्याची 'शुद्धी' करण्यात आली. सांगा, मळ पाण्यात होता की मनात? पुढे १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचा निकालही बाबासाहेबांच्या बाजूने लागला.

म्हणून मी मुलांना आता असं सांगते. समोरच्याला कमी न लेखणं ही अंतःकरणाची शुद्धता. 'मला त्याच्याबद्दल असं का वाटतं?' हे स्वतःला विचारणं ही मनाची शुद्धता. आणि सगळे करतात, घरचे सांगतात, तरी चुकीचं वाटलं तर थांबणं, ही सदसद्विवेकबुद्धी. मनात वाईट विचार कधी येणारच नाही, असं नाही. तो आला हे ओळखता आलं पाहिजे.

पालकांनो, घरकामाला येणाऱ्या मावशींचा कप आपल्या घरात वेगळा ठेवलेला असेल, तर मूल त्याबद्दल काही विचारत नाही. ते नुसतं पाहतं आणि शिकतं.

शिक्षक मित्रांनो, या आठवड्यात दिवसाच्या शेवटी दोन मिनिटं शांत बसवून मुलांना एवढंच विचारा: "आज मी कुणाला बाजूला ठेवलं का? आणि का?" उत्तर वहीत लिहून घेऊ नका, वाचून दाखवायला लावू नका, गुण तर मुळीच देऊ नका. ते ज्याचं त्यालाच तपासू द्या.