यादीत नसलेलं

कचेरी रोड, जुना जालना

चि. छोटी,


तुझी बाळाच्या सामानाची यादी मिळाली. फोनवर अक्षर लागेना, म्हणून शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडून छापून आणली. गल्ल्यापाशी ठेवली आहे, गिऱ्हाईक नसलं की वाचते. बाटल्या वाफवायचं यंत्र, लेकरू हललं की आईच्या फोनवर घंटी वाजवणारा कॅमेरा, पाजताना टेकायची वेगळी उशी, निजायची वेगळी उशी, आणि ओले वाइप्स कोमट ठेवायचा विजेचा डबा. या डब्यापाशी मी बराच वेळ अडले. मे महिन्यात आपल्या गच्चीवरच्या टाकीचं पाणी हाताला चटका देतं, तिथे वाइप्स तापवायला वीज जाळायची! असो. वाकडला बाराव्या मजल्यावरची हवा वेगळी असेल.

तू विचारलंस, "आत्या, तू हेच विकतेस ना? मग खरं सांग, यातलं काय लागतं?" दुकानदाराला असं विचारायचं नसतं बाई. पण विचारलंसच तर सांगते.

माझ्याकडे सगळ्यात जास्त खपतं ते सुटं डायपर. रात्री नऊच्या सुमाराला रोलिंग मिलमधून सुटलेला एखादा पोरगा येतो, हातावरची काजळी तशीच, आणि "दोन हगीज द्या" म्हणतो. कंपनी कुठलीही असो, इथे सगळी हगीजच. साइज विचारली की गडबडतो. मग बायकोला फोन लावतो, तिकडून आवाज येतो, "मोठी आणू नका, मागच्या वेळी गळली." एक उद्या दवाखान्यात जाताना, एक परवा लग्नाला. घरात लंगोटच. ही बाई जाहिरातीला भुललेली नाही, तिचा स्वतःचा हिशेब आहे.

त्या हिशेबात पाणीही येतं. निजामाच्या काळातला घाणेवाडीचा तलाव आहे, जायकवाडीची पाइपलाइन आहे, तरी आठ-आठ, दहा-दहा दिवस नळ कोरडा राहतो हे इथे कुणाला नवीन नाही. २०१२-१३ च्या दुष्काळात तर टँकरची वाट बघण्यातच दिवस जायचे. तान्ह्या लेकराचे लंगोट आणि दुपटी रोज बादलीभर निघतात. ती धुवायची कशात आणि कुणी? 'कापडी लंगोटाकडे परत चला' असं सांगणाऱ्या बायांना मला आधी त्यांच्या घरचा नळ विचारावासा वाटतो. अर्थात वापरलेलं डायपर कुठे जातं, तेही मला दिसतं. घंटागाडी चुकली की पिशवी पुलावरून खाली. कुंडलिका नदीने जुना आणि नवा जालना वेगळा केला, कचऱ्याने पुन्हा एक केला.

आता तुझ्या आईच्या वयाच्या बाया तुला ऐकवतील, 'आमच्या वेळी नव्हती बाई असली थेरं.' ऐक आणि सोडून दे. होती. बाळंतविडा काय होता मग? बारशाला माहेरून आलेलं सगळं ओसरीवर मांडायचं. झबली, टोपडी, कुंची, दुपटी, पाळणा, सासूला लुगडं, नणंदांना खण. 'जालना सोने का पालना' असं नुसतं म्हणायचं, पण चांदीचे वाळे तरी लागायचेच. गल्लीतल्या बाया पाळणा म्हणायला यायच्या आणि मांडलेलं मोजून जायच्या. वाळे तळहातावर घेऊन हलकेच वजन बघायच्या, आणि मग एकमेकींकडे. ते बघणं मी विसरलेले नाही. कमी पडलं तर बाळंतिणीला ते लेकरू शाळेत जाईपर्यंत ऐकावं लागायचं.

तेव्हा वस्तूंवरून बाळंतिणीची किंमत करायची रीत काही कंपन्यांनी आणली नाही, ती आपल्याच ओसरीवरची. त्यांनी ओसरीवरच्या बाया उठवल्या, तिथे फोन ठेवला आणि एकदाच व्हायचा तो हिशेब दर महिन्याचा केला. पण फरक आहे, आणि मला तो मोठा वाटतो. तेव्हा कमी पडायचं ते माहेर. आता कमी पडते ती आई. भावाची ऐपत नाही म्हणून आम्ही रडायचो, पण आपण आई म्हणून वाईट आहोत असं काही आमच्या मनात यायचं नाही. तुझ्या यादीत प्रत्येक वस्तूखाली 'बाळाच्या सुरक्षिततेसाठी' लिहिलंय. म्हणजे घेतली नाही तर बाळ असुरक्षित, आणि त्याला जबाबदार कोण? जावईबापूंच्या नावाने त्या यादीत एक ओळ नाही, बघितलंस का?

राज्य सरकारनेही २०१९ मध्ये बेबी केअर किट काढलं. पहिलं बाळंतपण सरकारी दवाखान्यात झालं की दोन हजारांचं सामान: मच्छरदाणी, ब्लँकेट, थर्मामीटर, नेलकटर, शाम्पू, खुळखुळा. सरकारी बाळंतविडाच म्हण, फक्त मोजायला कुणी येत नाही. फिनलंडमध्ये अशी पेटी १९३८ पासून देतात. तिथे पुढे नियम केला की पेटी हवी तर चौथा महिना संपायच्या आत तपासणी करून घ्यायची. ही युक्ती मला आवडली, वस्तूचं आमिष दाखवून बाईला डॉक्टरपर्यंत नेणारी.

आपलं गाव बियाण्यांचं. बद्रीनारायण बारवाल्यांनी भेंडीच्या बियाण्यापासून सुरुवात केली, १९६४ मध्ये इथे महिको कंपनी काढली, १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. तुझे आजोबा आधी मडक्यात राख घालून घरचं बी ठेवायचे, मग तेही संकरित पाकीट आणायला लागले. उतारा वाढला, हे खोटं नाही. पण संकरित बी घरचं धरून पेरता येत नाही, दर हंगामाला दुकान गाठावं लागतं. बाळंतपणाचं तसंच झालंय. लेकरू कसं धरायचं, हे रडणं भुकेचं की पोटदुखीचं, हे जावा-नणंदा-शेजारणींकडून फुकट मिळायचं. त्यात किडकं बीही होतं. पहिला चीक पिळून टाकायच्या, मध चाटवायच्या, बाळंतिणीचं पाणी तोडायच्या. दवाखान्याने ते मोडलं, बरंच झालं. पण किडक्याबरोबर चांगलंही गेलं आणि त्या जागी ॲप आलं, कोर्स आला, तासावर पैसे घेणारी सल्लागार आली. त्यांना मी नावं ठेवत नाही. रात्री तीनला लेकरू रडायला लागलं की तुझ्या त्या फ्लॅटमध्ये उठून कोण येणार आहे? तू तो कॅमेरा हौसेने लिहिलेला नाहीस, हे मला कळतं.

दुधाच्या पावडरीचं मात्र नीट ऐक. डबा मी ठेवते, कारण एखादीला काही केल्या दूध पुरत नाही, एखाद्या लेकराला आईच नसते. पण त्या डब्यावर गुबगुबीत बाळाचं चित्र नसतं, हे कधी बघितलंयस? कायद्याने बंदी आहे. १९९२ चा कायदा, २००३ मध्ये आणखी आवळलेला: दोन वर्षांखालच्या लेकरांची पावडर, बाळअन्न आणि बाटल्या यांची जाहिरात नाही, सूट नाही, फुकट नमुना नाही. हे आपोआप झालं नाही. गरीब देशांत गढूळ पाण्यात कालवलेल्या पावडरीने लेकरं दगावत होती. त्यावरून १९७७ मध्ये अमेरिकेत नेस्लेवर बहिष्कार सुरू झाला, १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आचारसंहिता केली. आपल्याकडे मुंबईच्या डॉ. आर. के. आनंद यांच्यासारखे बालरोगतज्ज्ञ झगडले. दहा दिवसांचं साठवलेलं पाणी पिणाऱ्या गावाला हा कायदा किती जवळचा आहे, ते वेगळं सांगायला नको.

पण कायदा दोन वर्षांवर थांबतो आणि तिथून पुढे बाजार मोकळा. दुधात घालायच्या पावडरीची पाच रुपयांची पुडी घेताना बाया मला विचारतात, "याने उंची वाढते का हो?" एप्रिल २०२४ मध्ये केंद्राच्या वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन दुकानांना सांगितलं की बोर्नव्हिटासारखी पेयं 'हेल्थ ड्रिंक' या गटातून काढा. आणि दोन वर्षांखालच्यांच्या डब्याचंही ऐक: त्याच महिन्यात स्वित्झर्लंडच्या 'पब्लिक आय' संस्थेने दाखवलं की नेस्लेच्या भारतातल्या सेरेलॅकमध्ये एका वाढपात सरासरी २.७ ग्रॅम वरून घातलेली साखर होती, आणि स्वित्झर्लंड, जर्मनी, ब्रिटनमध्ये विकल्या जाणाऱ्या तशाच डब्यात ती नव्हती. आपल्या लेकरांनाच गोडाची सवय आधी का लागावी, हे मी माल घेऊन येणाऱ्या पोराला विचारलं. तो बिचारा हसला आणि पुढच्या स्कीमचं बोलला.

आता तुझी यादी. वाइप्सचा डबा काट, दोन्ही उशा काट. बाटल्या आणि त्यांचं यंत्र आत्ता घेऊ नकोस. कपडे घेऊच नकोस, बारशाला इतके येतील की घालायच्या आत तोकडे होतील. गोधड्या मी जुन्या नऊवारींच्या शिवल्यात, मऊ आहेत. थर्मामीटर घे. डायपर बाहेर जाताना आणि रात्री, उगीच अपराधी वाटून घेऊ नकोस. गुटीची सहाण मी पाठवणार नाही. सहा महिने अंगावरचं दूध, दुसरं काही नाही, मग तुझी सासू काहीही म्हणो. त्यानंतर घट्ट वरण-भात कुस्करून, वर तूप. वरणाचं नुसतं पाणी नको, त्याने पोट भरत नाही. आणि दूध काढायचा पंप काटू नकोस. तो चांगला घे. कामावर परत जाशील तेव्हा लागेल.

त्यावरून एक. प्रसूती लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीने रजा २६ आठवड्यांची झाली, ते तुला ठाऊक आहेच. त्याच दुरुस्तीत आणखी एक कलम आलं, ते कुठल्या रीलमध्ये येत नाही. पन्नास किंवा जास्त माणसं कामाला असतील तर मालकाने पाळणाघराची सोय करायची, आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊ द्यायचं. रुजू होताना या कायद्यातले सगळे फायदे लेखी कळवायचे असतात, तो कागद शोध. सापडला नाही तर एचआरला विचार, तोंडी नको, मेल कर. आठवा महिना लागायच्या आत कर, नंतर तुला सवड व्हायची नाही. 'आमचं एका पाळणाघराशी टायअप आहे' असं म्हणाले तर ते ऑफिसपासून किती लांब आहे आणि पैसे कोण भरतं, ते आधी विचार. काय उत्तर देतात ते मला कळव.

तुझी,
आत्या