तीन मिनिटांची झिंझोटी

अमडापूरसारख्या गावात शास्त्रीय गाणे मुख्यतः ध्वनिमुद्रणांतूनच भेटते. सध्या अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी आणि किशोरीताई आमोणकरांचा भूप आलटूनपालटून ऐकतो आहे. खाँसाहेबांच्या काळच्या तबकडीवर जेमतेम तीन मिनिटे मावत; तेवढ्यात राग काय कळणार, हा आक्षेप जुनाच आहे. विलंबित ख्यालाची बढत तिथे नाही, हे मान्य. पण खाँसाहेब घाई करत नाहीत. स्वर लांबवतात, त्यावर रेंगाळतात. किशोरीताईंना लाँगप्लेवर कितीतरी जास्त वेळ मिळाला, तरी भूपाच्या पाच स्वरांतला गंधार मनात ठसतो तो त्यांच्या ठेहरावामुळेच. विस्तार वेळेवर अवलंबून असेल. स्वराचा लगाव नाही. केसरबाई केरकरांची भैरवीसुद्धा अशीच छोटी, आणि 1977मध्ये व्हॉयेजर अवकाशयानांवर गेली ती हीच.